सायकलीचे वजन : रस्त्यावरचे आणि जिन्यावरचे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की काहीतरी भारदस्त विषय असावा अशी आपली अपेक्षा असते. मी आज सायकलीच्या वजनावर बोलणार आहे. निमंत्रणपत्रिकेत हा विषय वाचून दोघीतिघींनी मला वाटेत अडवून विचारले, "बाई, ही छपाईची चूक तर नव्हे ना?" चूक नव्हे. विषय चिटणीसबाईंनीच दिला आहे, आणि तो देण्याला कारण घडले आहे.

वर्धापननिधीतून वस्तीतल्या शाळकरी मुलींना सायकली द्यावयाच्या, हे गेल्या सभेत एकमताने ठरले. परंतु कोणत्या सायकली, या प्रश्नाशी आपले एकमत संपले. काहींचे म्हणणे, अ‍ॅल्युमिनियमच्या, गिअरच्या हलक्या सायकली घ्याव्यात. निधीत चारच बसतील, पण मुलींना झेपतील. इतरांचे म्हणणे, साध्या लोखंडी सायकली घ्याव्यात. त्या दहा येतील. त्यावर पहिल्या पक्षाने विचारले, "दहा घ्याल हो, पण ते धूड कोवळ्या पोरींनी ओढायचे कसे?" हा प्रश्न रास्त आहे. सहा मुलींना सायकल मिळणार की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. शास्त्र शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली आणि शाळेत जाणेयेणेही बहुतेक सायकलीवरच झाले, म्हणून उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

प्रथम सायकलीचे वजन असते तरी किती, ते पाहू. आपण "जड" म्हणतो, पण काट्यावर घालून कोणी पाहत नाही. मी शेजारच्या तीन सायकली लाकडाच्या वखारीत नेल्या. वखारवाल्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग सायकलींकडे पाहिले आणि न बोलता काटा मोकळा करून दिला. माझी काळी लेडीज सायकल कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड, टोपली आणि कुलूप यांसकट २१ किलो भरली. समोरच्या कुलकर्णीवहिनींच्या मुलाची गिअरची अ‍ॅल्युमिनियमची सायकल १४ किलो भरली. पलीकडच्या इमारतीतला एक तरुण हौसेने दूरदूर सायकल चालवितो. त्याची कार्बनची सायकल ८ किलोंची निघाली. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचे तर गॅसचे रिकामे सिलिंडर १५-१६ किलोंचे असते आणि भरलेले जवळजवळ ३० किलोंचे. आपली साधी सायकल या दोहोंच्या मधली.

यात नवल नाही. १८१७ साली कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने पायांनी जमीन ढकलीत चालवायची लाकडी दुचाकी केली, तीही सुमारे २२ किलोंची होती. शर्यतीच्या सायकली मात्र इतक्या हलक्या होत गेल्या की त्या ६.८ किलोंहून कमी वजनाच्या असू नयेत, असा नियम आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला २००० साली करावा लागला. म्हणजे वजन कमी करणे अशक्य नाही. त्याला पैसा लागतो, इतकेच. तो खर्चून आपल्या पदरात काय पडते, हा खरा प्रश्न.

हलक्या सायकलीच्या बाजूने एका धीट बाईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत बोस्टन शहरात अ‍ॅनी कोपचोव्हस्की नावाची तीन मुलांची आई राहत होती. १८९४ च्या जूनमध्ये ती सायकल घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. लंडनडेरी नावाचे झऱ्याचे पाणी विकणाऱ्या एका कंपनीने तिला शंभर डॉलर दिले आणि त्या बदल्यात तिने ते नावच लावले. म्हणून जग तिला अ‍ॅनी लंडनडेरी म्हणून ओळखते. निघताना तिच्याकडे बायकांची सायकल होती ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलोंची, आणि अंगावर घोळदार लांब झगा. शिकागोपर्यंत पोहोचताना ती मेटाकुटीला आली. तेथे तिने ती सायकल सोडून पुरुषांची २१ पौंडांची, म्हणजे साडेनऊ किलोंची सायकल घेतली आणि पुढचा प्रवास केला. समुद्र अर्थातच आगबोटीने ओलांडले. १८९५ च्या सप्टेंबरात तिने प्रदक्षिणा पुरी केली.

वजन निम्मे झाले आणि बाई जग फिरून आली! हलक्या सायकलीच्या पक्षाला याहून मोठा पुरावा कोणता हवा? परंतु भगिनींनो, शिकागोला अ‍ॅनीने दुसरीही एक गोष्ट सोडली, ती म्हणजे तो लांब झगा. त्याऐवजी तिने पायघोळ विजार घातली. मग तिला बळ आले ते हलक्या सायकलीने की मोकळ्या झालेल्या पायांनी? दोन्ही गोष्टी बरोबरच बदलल्या, तेव्हा श्रेय कोणाला हे सांगता येत नाही. भाजीत मीठ आणि गूळ एकदमच घातल्यावर चव कशाने आली म्हणून भांडण्यासारखेच ते. खरी परीक्षा करावयाची तर माणूस तोच, रस्ता तोच, आणि बदलायची ती फक्त सायकल.

अशी परीक्षा एका डॉक्टराने केली आहे. इंग्लंडमधील जेरेमी ग्रोव्ह्ज हे भूल देणारे डॉक्टर शेफील्डहून चेस्टरफील्डच्या रुग्णालयात सायकलीने जात. जाऊन येऊन २७ मैल, म्हणजे साधारण ४३ किलोमीटर, आणि रस्ता चढउतारांचा. त्यांच्याकडे ५० पौंडांना घेतलेली जुनी पोलादी सायकल होती, साडेतेरा किलोंची. पुढे त्यांनी १००० पौंड देऊन साडेनऊ किलोंची कार्बनची नवी सायकल घेतली. मग मनात आले, एवढ्या पैशांनी आपला वेळ किती वाचतो ते पाहावे. २०१० साली रोज सकाळी ते नाणे उडवीत; छाप पडला तर एक सायकल, काटा पडला तर दुसरी. अशा ५६ फेऱ्यांची त्यांनी नोंद ठेवली. पोलादी सायकलीला सरासरी १ तास ४७ मिनिटे ४८ सेकंद लागले आणि कार्बनच्या सायकलीला १ तास ४८ मिनिटे २१ सेकंद! हलकी सायकल अर्धे मिनिट मागेच पडली. एवढासा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण हजार पौंडांची सायकल पुढे गेली नाही, हे तर खरे. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या त्या वर्षीच्या नाताळ अंकात त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. सायकलीचे वजन उतरविण्यापेक्षा सायकलस्वाराने स्वतःचे उतरविणे स्वस्त आणि गुणकारी, असा शेराही त्यांनी मारला. कोणाकडे पाहून मी हे सांगत नाही, निश्चिंत असा.

हा एका माणसाचा प्रयोग आहे आणि आपण कोणत्या सायकलीवर बसलो आहोत हे त्याला दिसत होते, ही त्याची मर्यादा. पण असे का व्हावे, हे शास्त्राने समजून घेता येते आणि त्याला अवघड गणित लागत नाही.

समजा, पन्नास किलोंची मुलगी, वीस किलोंची सायकल आणि पाच किलोंचे दप्तर. एकूण ७५ किलो. सायकल पाच किलोंनी हलकी घेतली तर एकूण ७०. म्हणजे एक पंधरांश ओझे कमी झाले. आता ताशी पंधरा किलोमीटर या आपल्या रोजच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना साधारण निम्मी शक्ती समोरची हवा सारण्यात जाते. हवेला सायकलीच्या वजनाशी काही कर्तव्य नसते. उरलेली बहुतेक शक्ती टायर दबण्या-उसळण्यात जाते, आणि वजनाचा संबंध येतो तो तेवढ्यातच. हिशेब केला तर पाच किलोमीटरच्या शाळेच्या वाटेवर अर्धे मिनिटही वाचत नाही.

सिग्नलला थांबून पुन्हा निघताना वजन भोवते, असे म्हणतात. भोवते, पण किती? त्या जास्तीच्या पाच किलोंना पुन्हा वेगात आणायला लागणारे श्रम म्हणजे पाच किलोंचा पिठाचा डबा जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवण्याइतके. चढावर वजन अधिक जाणवते, हे मात्र मान्य केले पाहिजे. पौड फाट्याच्या उड्डाणपुलासारखा पूल चढताना हेच पाच किलो पीठ सुमारे दोन मजले वर नेल्यासारखे होते. दोन मजले पीठ नेणे आपल्याला नवे नाही. पण रोज घाटच चढायचा असेल तर हलकी सायकल निश्चित सुखाची. गिअरचाही उपयोग तेथेच. गिअरने काम कमी होत नाही, ते वाटले जाते. दोन घागरी एका खेपेत आणण्याऐवजी दोन खेपांत एकेक आणावी तसे. आपल्या वस्तीपासून शाळेपर्यंतची वाट मात्र जवळजवळ सपाट आहे.

मग मुली म्हणतात ते काय खोटे? "बाई, सायकल फार जड जाते हो," असे मी वर्षानुवर्षे ऐकत आले. त्या खोटे बोलत नाहीत. सायकल जड जाते हे खरे. फक्त ती वजनाने जड जात नाही. पहिले कारण हवा. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि सायकल माणसाळली. तीच हवा भरायला आपण पंधरा-पंधरा दिवस विसरतो. नरम टायर जितकी शक्ती खातो तितकी पाच किलो लोखंड कधी खात नाही. अंगठ्याने दाबून टायर सहज दबला तर समजावे की मुलगी सायकल चालवीत नसून चिखलातून ओढीत आहे. दुसरे कारण कोरडी, गंजकी चेन आणि चाकाला घासणारा ब्रेक. दोन थेंब तेलाचे काम, पण ते कोणी करीत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते सीटची उंची. पडण्याच्या भीतीने आपण मुलींची सीट अगदी खाली ठेवतो, दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशी. शिकताना ते ठीक आहे. पुढे मात्र गुडघे छातीशी घेऊन पायडल मारावे लागते, मांड्या भरून येतात आणि दोष जातो सायकलीच्या वजनाला. टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. पाना घेऊन दोन मिनिटांत होणारी ही दुरुस्ती आहे. ती न केल्यामुळे सायकल कायमची सोडून दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

शिवाय काही वजन कामाचे असते. पदर किंवा ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला असलेली जाळी, चेनकव्हर, मडगार्ड, दप्तराचे कॅरिअर, दिवा, भक्कम कुलूप. हे सर्व काढून टाकले तर तीनचार किलो सहज उतरतील. आणि पावसाळ्यात पाठीवर चिखलाची नक्षी घेऊन, ओढणी सावरीत मुलगी शाळेत पोहोचेल. लेडीज सायकलीचीही तीच गोष्ट. मधला आडवा दांडा नसतो म्हणून ती हलकी असेल असे वाटते. पण त्या दांड्याचे काम दुसऱ्या नळ्यांना करावे लागते, त्या जाड घ्याव्या लागतात, आणि सायकल बहुधा तेवढीच किंवा थोडी अधिकच भरते.

आता हलक्या पक्षाची जी बाजू खरी आहे ती मी झाकून ठेवणार नाही. सायकलीवर बसल्यावर वजन चाके वाहतात. उतरल्यावर ते आपल्याला वाहावे लागते. पार्किंगच्या दाटीतून मागचे चाक उचलून सायकल फिरविणे, ती स्टँडवर चढविणे, कलंडली तर सावरणे आणि सर्वांत वाईट म्हणजे जिना! आपल्या कितीतरी इमारतींत खाली जागा नाही, असली तरी तेथे मोटारी आणि स्कूटरी उभ्या. त्यामुळे सायकल गॅलरीत न्यावी लागते. वीस किलोंची सायकल तीन मजले वर आणि सकाळी तीन मजले खाली, हे चाळीस किलोंच्या मुलीचे काम नव्हे. ऐंशी किलोंच्या पुरुषाला तीच सायकल त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाची असते आणि या मुलीला निम्म्याची. तिच्या दृष्टीने ती जडच आहे. सायकल घेतली आणि धूळ खात पडली, अशा ज्या हकीकती आपण ऐकतो त्यांत किती सायकली रस्त्यावर हरल्या आणि किती जिन्यावर हरल्या, याचा आपल्या मनाशी विचार करावा.

माझे सांगणे थोडक्यात हे, की रस्त्यावरचे वजन फारसे मोजू नये आणि जिन्यावरचे मात्र जरूर मोजावे. जिन्यावरच्या वजनाला महाग सायकल हाच एक उपाय नाही. सायकल खाली ठेवता आली की ते वजन शून्य होते.

साध्या सायकलीने काय घडू शकते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेडोपाडीच्या बायकांना सायकल शिकविण्यात आली. शीला राणी चुंकत या तेव्हा तेथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, अशा हजारो बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले आहे की लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा या बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि काही जणींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसविता येते! ज्या दांड्याची आपल्याला अडचण वाटते त्यावर त्यांनी लेकरू बसविले. वजनाची तक्रार करण्याइतकी सवड त्यांना नव्हती. पाण्याला, बाजाराला, कामाला वेळेवर पोहोचायचे होते आणि त्यासाठी कोणाची वाट पाहायची नव्हती.

दुसरे उदाहरण बिहारचे. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे देण्यास सुरुवात केली. रक्कम होती दोन हजार रुपये. तेव्हा सायकली साध्याच, हे निराळे सांगावयास नको. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. त्यात आढळले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी घटले. ज्या गावांहून शाळा दूर होती तेथे हा फायदा जास्त झाला. ज्या मुलींचे शिक्षण आठवीतच थांबले असते त्यांतल्या कित्येक पुढे शिकल्या. त्या सायकली काट्यावर किती भरल्या हे कोणी पाहिले नाही, आणि पाहण्याचे कारणही नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी. चार हलक्या सायकली न घेता साध्या सायकली घ्याव्यात, पण दहा न घेता नऊ घ्याव्यात. दहाव्या सायकलीचे पैसे चार कामांसाठी ठेवावेत. एक, मंडळाच्या दारात एक चांगला उभा पंप, पाना आणि तेलाची कुपी असावी. दर शनिवारी कोणी तरी दोघींनी मुलींकडून हवा भरून घ्यावी. दोन, सायकल देताना मुलीची उंची पाहून योग्य मापाची द्यावी आणि सीट तिच्या पायाला लावून द्यावी. जास्त वर्षे चालेल म्हणून मोठे माप घेऊ नये. चपला आपण पायाला पाहून घेतो ना, तसेच हे. तीन, महिनाभर सकाळी मैदानावर शिकवणी ठेवावी. शिकविण्यास मी तयार आहे, आणि ज्या काकूंना, मावशींना स्वतः शिकायचे आहे त्यांनीही संकोच न करता यावे. साडी नेसून सायकल चालविता येते. मी चालविली आहे. चार, भक्कम कुलपे घ्यावीत, म्हणजे सायकल खाली ठेवायला घरचे धजतील.

शेवटची सूचना पैशाची नाही आणि म्हणूनच थोडी कठीण आहे. आपापल्या इमारतीच्या सभेत प्रत्येकीने उभे राहून सायकलींसाठी खालच्या मजल्यावर चार हात जागा मागावी. एका मोटारीच्या जागेत आठदहा सायकली सहज उभ्या राहतात. "पोरींच्या सायकलींना कशाला जागा?" असे कोणी विचारील. त्यांना विनयाने सांगावे की तीन मजले सायकल आपण स्वतः एकदा चढवून पाहावी, म्हणजे जागा आपोआप सापडेल.

निधी आपल्या सर्वांचा आहे, तेव्हा निर्णयही सर्वांनी मिळून करावा. मतदानापूर्वी इतकेच ध्यानात ठेवावे की सायकल पाच किलोंनी हलकी झाली तर एका मुलीचे अर्धे मिनिटही वाचत नाही. आणि साध्या सायकली घेतल्या तर आणखी पाच मुली शाळेत स्वतःच्या स्वतः जाऊ लागतील.